फिरता जिओकॅश 'विंचवाचे बिऱ्हाड' : खाडीच्या अलीकडे आणि पलीकडे

नौपाडेकर | ११ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या माळ्यावरून भातुकलीचा एक डबा खाली आला. त्यात सावंतवाडीची लाकडी, रंगीत अशी बारा-तेरा भांडी निघाली. जाते, पाटा-वरवंटा, बंब, दोन पातेली, कान तुटलेली कढई आणि झाकण हरवलेला हंडा. मुलगी आता इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तेव्हा हा संसार मांडणारे घरात कोणी उरलेले नाही, आणि टाकून द्यावा असेही वाटेना. त्याच आठवड्यात घरमालकांनी करार वाढवणार नसल्याचे कळवले आणि सतरा वर्षांतले सहावे घर शोधण्याची पाळी आमच्यावर आली. या दोन गोष्टींची मनात सांगड बसून जो खेळ सुचला, तो येथे मांडत आहे.

ज्यांना जिओकॅशिंग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. इतर लोक जीपीएसच्या आधाराने तो शोधतात, आतल्या वहीत नोंद करतात आणि डबा होता तेथेच ठेवून परततात. नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक अमेरिकेने २ मे २००० रोजी बंद केली, त्यामुळे शंभरेक मीटर भरकटणारी यंत्रे एका रात्रीत बरीच नेमकी झाली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर यांनी एक बादली रानात ठेवून तिचे निर्देशांक इंटरनेटवरील एका चर्चागटात टाकले. खेळाचा आरंभ तो.

माझा डबा मात्र एका जागी राहणार नाही. ज्याला तो सापडेल त्याने तो घरी न्यावा, अंगठ्याएवढी संसारातली एक वस्तू त्यात घालावी आणि तीन दिवसांच्या आत खाडीच्या पलीकडे, म्हणजे ठाण्यात सापडला असेल तर नवी मुंबईत आणि नवी मुंबईत सापडला असेल तर ठाण्यात, नव्या जागी लपवावा. ठेवणारा तो घरमालक, डबा हा भाडेकरू, आणि करार ११ दिवसांचा. मुदतीत कोणीच आले नाही तर ज्याने ठेवला त्यानेच बिऱ्हाड उचलून दुसरे घर पाहावे. जागेचा इशारा घरभाड्याच्या जाहिरातीच्या भाषेत द्यावा, एवढी एकच हौस मी नियमात घातली आहे. झाकणावर आतल्या बाजूने प्लास्टिकचा एक विंचू चिकटवला आहे, तेव्हा उघडताना दचकू नये.

सूचना हव्या आहेत. पहिली जाहिरात आठवड्याभरात देईन.

तिसरा मजला | ११ जानेवारी, रात्री १०.१५

कल्पना फारच आवडली. भाडेकरू म्हणून माझाही अनुभव दांडगा असल्यामुळे एक कायदेशीर शंका उपस्थित करतो. करार अकरा महिन्यांचा करण्याची रूढी पडली ती नोंदणी कायद्याच्या कलम १७ मुळे, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्यात सक्तीची आहे. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. तेव्हा आपला ११ दिवसांचा करारही या धाग्यावर नोंदवल्याशिवाय वैध मानू नये. डबा हलवला आणि येथे लिहिले नाही, तर तो घरमालक नव्हे, घुसखोर.

रानवाट | १२ जानेवारी, सकाळी ७.०५

गंमत मान्य आहे, पण ठाणेकर लपवायचे म्हटले की पहिल्यांदा येऊरकडे पाहतात, म्हणून आधीच लिहितो. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तेथे डबा ठेवणे, तो शोधण्यासाठी पायवाट सोडून झुडपांत शिरणे, दगड उलटेपालटे करणे यांतले काहीही चालणार नाही. दगडाखाली खरा विंचू असतो, हा वेगळा मुद्दा. खाडीकाठच्या कांदळवनालाही कायद्याचे संरक्षण आहे आणि खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तेव्हा चिखलात उतरावे लागेल अशी जागा कोणीही निवडू नये.

दुसरे असे की रेल्वे स्थानक, लोकलचा डबा, मॉल, शाळा आणि सरकारी कार्यालयांचे आवार पूर्णपणे वर्ज्य असावे. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही उद्घोषणा आपण रोज ऐकतो. २०११ साली इंग्लंडमधील वेदरबी गावात एका कॅफेबाहेर लपवलेला असाच निरुपद्रवी डबा संशयावरून बॉम्बशोधक पथकाने उडवून दिला होता. डबा पारदर्शक हवा, त्यावर ठळक मराठीत मजकूर हवा, आणि ज्याची जागा आहे त्याची परवानगी हवीच हवी.

नौपाडेकर | १२ जानेवारी, दुपारी १.३०

रानवाट, सगळे मुद्दे जसेच्या तसे नियमांत घेतो. डबा पारदर्शकच आहे, चार बाजूंनी खटके असलेला आणि झाकणाला रबरी कड असलेला. वरच्या चिठ्ठीत लिहिले आहे : 'हा खेळ आहे. आत भातुकली आहे. उघडून पाहा आणि जागेवर ठेवा.' परवानगीचा नियम पाळला तर लपवण्यातली मजा थोडी कमी होईल, हे खरे, पण पोलीस ठाण्यात कढई-पातेल्यांचा पंचनामा करून घेण्याची माझी तयारी नाही.

आजीचा डबा | १२ जानेवारी, दुपारी ३.५०

नौपाडेकरदादा, खूप छान उपक्रम आहे. माझ्याकडे आजीची पितळी भातुकली आहे आणि ती मी जिवापाड जपते, म्हणून अनुभवाचे दोन शब्द. पितळेची भांडी या डब्यात कोणीही घालू नये. आपल्या दमट हवेत ती काळवंडतात, हिरवट डाग धरतात, आणि चिंच लावून घासायला रस्त्यावर कोण बसणार आहे? शिवाय त्यांना मोल असते, त्यामुळे डबा हलण्याऐवजी गायबच व्हायचा. लाकूड, माती, पत्रा, काडेपेटी, बाटलीची बुचे यांतून केलेल्या वस्तू उत्तम. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या त्या शोषक दाण्यांच्या दोन पुड्या आत ठेवा आणि वहीला शिसपेन्सिल बांधा; जेल पेनने लिहिलेले दोन महिन्यांत फुटते. डाळ-तांदळाचा एक दाणासुद्धा नको. भातुकली म्हटले की तो मोह होणार, आणि मुंग्या काही रबरी कड मोजत नाहीत.

अक्षांश | १२ जानेवारी, सायंकाळी ६.२०

भूमापनात आयुष्य गेले असल्यामुळे माझा रस लपवण्यापेक्षा लिहिण्यात आहे. एका जागी राहणाऱ्या डब्याचे निर्देशांक चुकले, तर आठवडाभरात कोणीतरी सांगते, ते दुरुस्त होतात आणि मग वर्षानुवर्षे चालतात. फिरत्या डब्याचे निर्देशांक दर खेपेला नवा माणूस, नव्या फोनवर, नव्या घाईत लिहिणार. म्हणजे जेवढी घरे बदलतील तेवढ्या वेळा चुकीला संधी मिळेल. म्हणून लिहिण्याची पद्धत आजच ठरवून टाका. अंश आणि दशांश मिनिटे, मिनिटांच्या दशांशचिन्हानंतर बरोबर तीन आकडे. अक्षांशातील मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर जेमतेम १.८५ मीटर, आणि आपल्या १९ अंशांवर रेखांशातील हजारावा भाग साधारण १.७५ मीटर. फोनची स्वतःची चूक मोकळ्या आकाशाखालीच तीन ते पाच मीटर असते, तेव्हा चौथा आकडा लिहिणे हा नुसता डौल आहे आणि दोनच आकडे लिहिणे हा आळस.

घोडबंदर रस्त्यावरील टॉवरांच्या मधोमध उभे राहून वाचन घेऊ नका. उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात आणि फोन तुम्हाला समोरच्या इमारतीत नेऊन बसवतो. पाच मिनिटे स्थिर उभे राहावे, थोडे दूर जाऊन वेगळ्या दिशेने परत यावे, पुन्हा वाचन घ्यावे आणि तीन वाचनांची सरासरी लिहावी.

खाडीपल्याड | १२ जानेवारी, रात्री ९.००

एक प्रश्न. हे सगळे अधिकृत संकेतस्थळावरच का नोंदवत नाही? किंवा मग क्रमांक कोरलेला तो धातूचा बिल्ला, ज्याला ट्रॅव्हल बग म्हणतात, तो विंचवाच्या गळ्यात बांधावा. तो कोठून कोठे गेला हे आपोआप नोंदले जाते.

नौपाडेकर | १३ जानेवारी, सकाळी ८.१०

त्या संकेतस्थळावर डबा एका ठिकाणी टिकून राहावा ही अटच आहे. सुरुवातीच्या काळात काही फिरते डबे होते, पण नवे स्वीकारत नाहीत. बिल्ल्याचे म्हणाल तर तो एका स्थिर डब्यातून दुसऱ्या स्थिर डब्यात जातो, म्हणजे त्याला राहायला आधी इतरांनी बांधलेली घरे लागतात. आमचे बिऱ्हाड स्वतःचे घर पाठीवर घेऊनच निघाले आहे. मात्र कोणाचा नोंदलेला डबा जवळपास असेल, तर आपला त्यापासून १६१ मीटरच्या आत ठेवू नये. दोन डब्यांमधील अंतराचा तो त्यांचा नियम आहे आणि आपण तो शेजारधर्म म्हणून पाळावा.

अक्षांश | १३ जानेवारी, सकाळी ९.३०

जाता जाता. पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरण्याला जुना आधारही आहे. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानावर १८५४ साली एका वाटाड्याने येणाऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्यांसाठी बाटली ठेवली, त्यातून लेटरबॉक्सिंग हा छंद वाढला. त्या छंदात पेट्यांत ठेवलेले काही शिक्के असे असतात की सापडणाऱ्याने ते उचलून पुढच्या पेटीत नेऊन टाकायचे. निर्देशांक नव्हते तेव्हाही लोक हा खेळ खेळत होते, आणि बहुधा कमी चुकत होते.

नौपाडेकर | १८ जानेवारी, सकाळी १०.००

भाड्याने देणे आहे. ठाणे पश्चिम, कचराळी तलावापासून चालत पाच मिनिटे. तळमजला, गोल खोली, मातीचे बांधकाम, छताऐवजी वरच्या बिऱ्हाडाची जमीन. शेजार हिरवागार आणि अबोल. जागा सकाळी ९ ते सायंकाळी ६ या वेळेत दाखवली जाईल. आत येताना मालकांना 'जागा पाहायला आलो' असे सांगावे. दलाल नको.

(शोध लागल्यामुळे निर्देशांक काढून टाकले आहेत.)

तिसरा मजला | १८ जानेवारी, सकाळी ११.२०

जाहिरातीतील 'चालत पाच मिनिटे' याला नेहमीप्रमाणे तीनने गुणावे काय?

खाडीपल्याड | २४ जानेवारी, रात्री ८.४५

बिऱ्हाड सापडले! 'छताऐवजी वरच्या बिऱ्हाडाची जमीन' या ओळीने मला दोन दिवस चाळीतच फिरवले. आज निर्देशांकांवर पोहोचलो तर समोर रोपवाटिका. मालकांना सांकेतिक वाक्य सांगितले, तेव्हा त्यांनी मान न उचलता कोपऱ्याकडे बोट दाखवले. तेथे मातीच्या रिकाम्या कुंड्या एकीत एक घालून रचलेल्या चार चवडी होत्या. तिसऱ्या चवडीतली वरून चौथी कुंडी उचलली आणि खालच्या कुंडीच्या पोटात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला डबा दिसला. कागद ओलसर होता, पण आत सगळे कोरडे. विंचवाला पाहून मी दचकलो नाही. मागे उभ्या असलेल्या एका बाई मात्र गुलाबाचे रोप खाली टाकून निघून गेल्या, त्यांची येथे क्षमा मागतो.

घरी हिने काडेपेटीच्या डबीवर चंदेरी कागद चिकटवून आणि वर दोन बटणे बसवून गॅसची शेगडी केली. जाते आणि पाटा-वरवंटा असलेल्या या संसारात एवढ्या वर्षांनी गॅस आला. ठाण्याहून वाशी लोकलने डबा मांडीवर घेऊन आलो. शेजारच्या गृहस्थांनी ऐरोलीपर्यंत दम धरला आणि मग विचारले, की एवढी लहान भांडी कोणत्या कंपनीची.

खाडीपल्याड | २६ जानेवारी, दुपारी १२.१५

भाड्याने देणे आहे. वाशी, सागर विहारच्या अलीकडे. पश्चिमेचा वारा, दगडी कठडा, शेजारी कण्हेरीचे कुटुंब. पाण्याची मुबलक सोय. परवानगी घेतलेली आहे.

(निर्देशांक काढून टाकले आहेत.)

कोपरखैरणेकर | १ फेब्रुवारी, दुपारी २.३०

अत्यंत नाराजीने लिहीत आहे. आज रविवारची सकाळ, दोन मुले, पाण्याच्या बाटल्या आणि मुलीने दोन दिवस खपून केलेली कागदी खाट, असा सगळा सरंजाम घेऊन आम्ही निघालो. फोनवरचा बाण आम्हाला कठड्यापर्यंत घेऊन गेला आणि मग कठड्यापलीकडे, थेट खाडीत दाखवू लागला. जाहिरातीतील 'पाण्याची मुबलक सोय' म्हणजे हीच काय? ओहोटी असल्याने समोर चिखल होता आणि त्यात रोहित पक्षी उभे होते. मुलगा म्हणाला, बाबा, त्यांनी घर घेतले वाटते. दीड तास शोधून आम्ही परत आलो. डबा पाण्यात ठेवण्याचा विनोद असेल, तर तो कोणाच्या तरी लेकरांच्या अंगाशी येऊ शकतो, एवढे लक्षात घ्यावे.

रानवाट | १ फेब्रुवारी, दुपारी ३.००

नेमके हेच होऊ नये म्हणून मी वर लिहिले होते. डबा तातडीने उचलावा.

खाडीपल्याड | १ फेब्रुवारी, दुपारी ४.१०

मी शपथेवर सांगतो की डबा पाण्याच्या जवळपासही ठेवलेला नाही. रस्त्याच्या आतल्या बाजूला, ओळखीच्या बंगलेवाल्यांच्या कुंपणालगतच्या दगडी कठड्याखाली तो आहे. निर्देशांक मी फोनवर पाहून, एकेक आकडा उतरवून घेतला होता आणि अक्षांशसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे मिनिटांनंतर दशांशचिन्हही दिले होते.

अक्षांश | १ फेब्रुवारी, रात्री ८.००

जाहिरात आली त्याच दिवशी मला आकडे खटकायला हवे होते, माझेही चुकले. मिनिटांच्या दशांशचिन्हानंतर तीन आकडे लिहायचे ठरले असताना येथे अक्षांशात .२७ आणि रेखांशात .२४ असे दोनच आकडे आहेत. खाडीपल्याड, आपल्या फोनवर निर्देशांक अंश, मिनिटे आणि सेकंद या रूपात दिसतात काय ते पाहा. माझ्या अंदाजाने फोनने २७ सेकंद आणि २४ सेकंद दाखवले, आणि आपण सेकंदांच्या जागी दशांशचिन्ह टाकून तेच आकडे उतरवले.

आता गणित पाहा. एका मिनिटात ६० सेकंद असतात, म्हणून २७ सेकंद म्हणजे ०.४५० मिनिट होतात, ०.२७ नव्हे. २४ सेकंद म्हणजे ०.४०० मिनिट, ०.२४ नव्हे. अक्षांशात ०.१८ मिनिटाची तूट पडली, म्हणजे जमिनीवर सुमारे ३३० मीटर, रेखांशात ०.१६ मिनिटाची, म्हणजे सुमारे २८० मीटर. तिरके अंतर ४३५ मीटरच्या आसपास जाते.

या चुकीचा एक स्वभाव आहे आणि तो आपल्या सर्वांच्या कायम उपयोगी पडेल. सेकंदांना ६० ने भागण्याऐवजी १०० ने भागल्यासारखे होत असल्यामुळे उत्तर दर वेळी खऱ्यापेक्षा कमीच येते, जास्त कधीच येत नाही. आपल्याकडे अक्षांश उत्तरेकडे आणि रेखांश पूर्वेकडे वाढतात, म्हणून चुकीचा बिंदू नेहमी खऱ्या जागेच्या नैर्ऋत्येला पडतो. वाशीच्या नैर्ऋत्येला काय आहे, हे कोपरखैरणेकरांनी आज पाहिलेच. हीच चूक कोपरीत झाली असती, तर बिंदू कोणाच्या तरी गच्चीवर पडला असता आणि चूक उघडकीस यायला महिना लागला असता. खाडीने आपल्यावर उपकारच केले म्हणायचे.

कोपरखैरणेकर, आपण उभे होता तेथून ईशान्येकडे पाठ फिरवून नव्हे, तोंड करून पाहावे, एवढेच सांगतो.

खाडीपल्याड | १ फेब्रुवारी, रात्री ८.४०

फोन उघडून पाहिला. सेकंदच आहेत. कोपरखैरणेकर, आपली आणि विशेषतः मुलांची मनःपूर्वक क्षमा मागतो. फोनची मांडणी बदलली आहे आणि दुरुस्त निर्देशांक वर टाकले आहेत.

कोपरखैरणेकर | ४ फेब्रुवारी, रात्री ९.१५

राग केव्हाच गेला होता, पण पुढची हकिगत ऐका. काल कामावरून परतताना दुरुस्त जागेवर गेलो. कण्हेर सापडली, दगडी कठडा सापडला, कठड्याखाली डब्याच्या आकाराची कोरडी जागाही सापडली, मात्र डबा नव्हता. मी वाकून हात घालत आहे हे पाहून माळीकाका हातातला पाइप तसाच सोडून आले आणि 'काय हरवले?' असे विचारू लागले. भातुकली हरवली, असे सांगताना मला माझ्याच वयाची लाज वाटली.

त्यांनी मला मागच्या बाजूच्या खोलीपाशी नेले. खिडकीच्या फळीवर डबा उघडा होता आणि सगळा संसार नीट मांडलेला होता : शेगडीवर पातेले, बंबाशेजारी हंडा, जाते भिंतीकडे. 'चिठ्ठी वाचली,' ते म्हणाले, 'पण तिथे मी रोज पाइपने पाणी मारतो. बिऱ्हाड ठेवायच्या आधी नळ कुठे आहे ते बघायचे असते.' मग त्यांनी फळीवरून एक वस्तू उचलून माझ्या तळहातावर ठेवली. माडाच्या हिरांचे बोटभर तुकडे काळ्या दोऱ्याने आवळून, बुडाशी सारखे कापून केलेली केरसुणी होती ती. एवढी भांडी आहेत आणि झाडायला काही नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. आम्हा कोणाच्याही आले नव्हते.

वहीत त्यांनी नाव लिहिले नाही, 'केरसुणी १' एवढेच लिहिले. मुलीच्या खाटेसह बिऱ्हाड ठाण्याला घेऊन जात आहे.

आजीचा डबा | ४ फेब्रुवारी, रात्री ९.३०

केरसुणीचे छायाचित्र तरी टाका हो! आणि आता तिला पाय लागणार नाही अशी, दाराआड जागा द्या.

नौपाडेकर | ५ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

माळीकाकांचे वाक्य नियमांत पहिल्या क्रमांकावर घालत आहे. यापुढे जागेची परवानगी मालकाइतकीच त्या जागी रोज काम करणाऱ्या माणसाकडूनही घ्यावी. माळी, वॉचमन, झाडणाऱ्या मावशी, जे कोणी असतील ते.

कोपरखैरणेकर | ७ फेब्रुवारी, सकाळी ११.००

भाड्याने देणे आहे. ठाणे पश्चिम, उपवन तलावाच्या बाजूस, भावाच्या दुकानात. लाकडी माळा, वर जायला शिडी, खाली दिवसभर चहाचा वास. नळ लांब आहे. डास मोफत.

(निर्देशांक काढून टाकले आहेत. शोध : आजीचा डबा, १२ फेब्रुवारी.)

आजीचा डबा | १५ फेब्रुवारी, दुपारी ४.००

भाड्याने देणे आहे. बेलापूर, आर्टिस्ट व्हिलेज. सात घरांचे एक अंगण, त्यात आमच्या मैत्रिणीचे एक. चार्ल्स कोरियांनी ही वसाहत आखली तेव्हा एका घराची भिंत दुसऱ्याला चिकटू दिली नाही, म्हणजे ज्याला जसे जमेल तसे त्याने आपले घर वाढवत न्यावे. आपल्या भाडेकरूला यापेक्षा चांगला पत्ता मिळणार नाही. तुळशीकडे तोंड, मागे मोकळी हवा. सायंकाळी दिवा लागल्यावर येऊ नये, कुत्रा ओळख विचारतो.

(निर्देशांक काढून टाकले आहेत.)

एक अडचण आहे. मी मोजले, आत आता एकवीस वस्तू झाल्या आहेत आणि खाटेमुळे झाकण दाबून लावावे लागते. असेच चालले तर रबरी कड बसणार नाही आणि पावसाळ्यात पाणी आत जाईल. डबा मोठा करायचा का?

तिसरा मजला | १५ फेब्रुवारी, सायंकाळी ५.१०

वन बीएचकेमधून टू बीएचकेमध्ये जाण्याचा प्रश्न प्रत्येक बिऱ्हाडापुढे येतो आणि तो डबा मोठा करून सुटत नाही, हे मी अनुभवाने सांगू शकतो. मूळ खेळात 'एखादी वस्तू घ्या आणि तेवढ्याच किंवा अधिक मोलाची ठेवा' अशी प्रथा आहेच. यापुढे प्रत्येक शोधकाने एक वस्तू घालावी आणि एक डिपॉझिट म्हणून स्वतःकडे ठेवून घ्यावी. परत मागितल्यास काहीतरी कापून द्यावी, म्हणजे परंपरा पूर्ण होईल.

अक्षांश | १५ फेब्रुवारी, सायंकाळी ६.००

अनुमोदन. बेलापूरचे आकडे तीन-तीन आहेत, पाहून समाधान वाटले.

नौपाडेकर | १६ फेब्रुवारी, सकाळी ८.००

डिपॉझिटचा नियम मंजूर. मुलीला रात्री फोनवर सांगितले, तेव्हा तिने जाते कोणी नेले काय एवढेच विचारले. म्हणून फक्त जाते बाजूला ठेवावे, बाकी काहीही उचलण्यास हरकत नाही. कान तुटलेली कढईसुद्धा. आमचेही घर ठरले. कळव्यात, चौथा मजला, स्टेशनपासून चालत पाच मिनिटे, म्हणजे मोजून सतरा.

तिसरा मजला | २१ फेब्रुवारी, रात्री १०.३०

बेलापूरला आज गेलो. कुत्र्याने ओळख विचारली, मैत्रिणीच्या सासूबाईंनी चहा विचारला, आणि डबा तुळशीच्या मागे उलट्या ठेवलेल्या घमेल्याखाली होता. डिपॉझिट म्हणून कढई घेतली. बदल्यात पोस्टकार्डाचे एक लहान टपालपेटीसारखे खोके करून घातले आहे, कारण इतकी घरे बदलणाऱ्या माणसाची पत्रे जुन्याच पत्त्यावर येत राहतात.

तिसरा मजला | २३ फेब्रुवारी, सायंकाळी ७.१५

भाड्याने देणे आहे. ठाणे पूर्व, कोपरी. तिसरा मजला नव्हे, जिन्याखालची जागा. पूर्वी येथे सायकल राहत असे. प्रकाश कमी, शांतता भरपूर, नळ विरुद्ध टोकाला. सोसायटीच्या सचिवांची लेखी आणि झाडणाऱ्या मावशींची तोंडी परवानगी घेतली आहे. मावशींची मिळायला जास्त वेळ लागला. निर्देशांक सोबत जोडले आहेत, दशांश मिनिटांत, तीन आकडी, तीन वाचनांची सरासरी.

अक्षांश | २३ फेब्रुवारी, सायंकाळी ७.४०

नकाशावर टाकून पाहिले. बिंदू जिन्याच्या बाजूलाच पडतो, गच्चीवर नाही.